वाचून दाखविले, बरोबर आहे

साहेब गेल्याचं मला व्हॉट्सअ‍ॅपवर कळलं आणि खरं सांगतो, आधी दुःख नाही, राग आला. सकाळी दूध आणून चहा टाकला होता, तेवढ्यात वस्तीच्या ग्रुपवर प्रकाशभाऊचा मेसेज. साहेबांचा जुना फोटो, त्याला फुलांची चौकट आणि खाली 'आपल्या वस्तीचे भूषण, निवृत्त जिल्हा न्यायाधीश सुखदेव मानवटकर साहेब यांना भावपूर्ण आदरांजली'. मी चहा गाळेपर्यंत खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. ज्या ग्रुपमधून साहेबांना सहा वर्षांपूर्वी काढून टाकलं होतं, त्याच ग्रुपवर. काढलं होतं तेही प्रकाशभाऊनंच, आणि त्या वेळी अंगठा वर करणाऱ्यांत मी होतो. हे आधीच सांगून टाकतो. पुढं मी कोणाकोणावर चिडणार आहे, तेव्हा त्यात माझंही नाव धरलेलं आहे हे वाचणाऱ्यानं लक्षात ठेवावं.

मी देविदास. कोर्टात स्टेनो म्हणून नोकरी केली, आठ वर्षांपूर्वी निवृत्त होऊन घाटंजीला घरी परत आलो. साहेब आमच्याच वस्तीतले. आमच्या दोघांचे बाप कापसाच्या एकाच जिनिंगमध्ये हमाली करायचे, दोघांनी बौद्ध धम्माची दीक्षाही एकाच दिवशी घेतली. साहेब माझ्याहून आठ वर्षांनी मोठे. मी शाळेत होतो तेव्हा ते विहाराच्या मागच्या दिव्याखाली कायद्याची पुस्तकं वाचत बसायचे आणि आमची आई मला दाखवून म्हणायची, पाह्य, थो पाह्य. पुढं मी वर्ध्याला कोर्टात लागलो आणि योग असा की साहेबांची बदली तिथंच झाली. चार वर्षं मी त्यांच्या हाताखाली काम केलं. घरी सुखदेवदादा आणि कोर्टात साहेब, असं दोन्हीकडचं सांभाळताना माझी फार तारांबळ व्हायची. शेवटी मी दोन्हीकडं साहेबच म्हणायला लागलो. त्यांना ते आवडलं नाही, पण सवय झाली.

नागरी हक्काचे खटले म्हटले की साहेबांचं नाव निघायचं. कोणाला विहिरीवर चढू दिलं नाही, कोणाची वरात अडवली, कोणाला हॉटेलात वेगळ्या कपात चहा दिला... असले खटले बहुतेक साक्षीपाशी येऊन पडतात, कारण साक्षीदार गरीब असतो आणि कागद दुसऱ्याच्या भाषेत असतो. साक्षीचा कागद कसा होतो ते सांगतो. साक्षीदार उभा राहून बोलतो, न्यायाधीश त्याचं वाक्य जुळवून स्टेनोला सांगतात, स्टेनो टाइप करतो. शेवटी एक ओळ येते, 'वाचून दाखविले, बरोबर आहे', आणि तिच्याखाली सही नाहीतर अंगठा. ही ओळ मी आधीच टाइप करून ठेवायचो. साक्षीदार पाणी पीत असायचा, वकील पुढच्या तारखेवर भांडत असायचे आणि माझी ओळ तयार. बोटांना इतकी सवय झाली होती की पान संपत आलं की ती आपोआप उमटायची.

साहेब आल्यावर पहिल्याच महिन्यात त्यांनी मला पकडलं. एका खेड्यातली म्हातारी साक्षीला आली होती. त्यांच्या वाड्यातल्या बायांना गावच्या हापशीवर पाणी भरू देत नाहीत, असा खटला. तिची साक्ष झाली, मी कागद अंगठ्यासाठी पुढं केला. साहेब म्हणाले, वाचा. मी भराभर वाचलं. मग साहेब म्हातारीकडं वळले आणि म्हणाले, "आता तुम्ही सांगा, यात काय लिहिलंय. तुमच्या बोलीत सांगा." म्हातारी गोंधळली, मग म्हणाली, यात लिहिलंय का मले पाण्याले कोनं नाही म्हटलं नाही. साहेबांनी विचारलं, हे खरं आहे का? ती म्हणाली, खरं हाय, तोंडानं कोनी नाही म्हटलं नाही, पन आमी गेलो का हापशीचा दांडा काढून घरात नेऊन ठेवत. आमी वापस फिरलो का परत लावत.

हे ती आधीही बोलली होती. पुटपुटली होती, आणि वकिलांच्या गलक्यात माझ्या कानावरून ते निसटलं होतं. पान माझ्याच हाताखालचं, ओळ माझीच, खाली 'बरोबर आहे' सुद्धा लिहून तयार. साहेबांनी माझ्याकडं पाहिलं आणि ते वाक्य नव्यानं टाइप करायला सांगितलं. दुपारी जेवताना भाकरीचा तुकडा मोडून मला देत एवढंच म्हणाले की देविदास, तू टाइप फार छान करतोस, वाचत नाहीस. तो खटला त्या एका दांड्यावर उभा राहिला. त्यानंतर चार वर्षं आमच्या कोर्टात प्रत्येक अंगठ्याआधी माणसाला कागद आपल्या तोंडानं सांगावा लागायचा. वकील वैतागायचे, काम तुंबायचं, मला घरी जायला उशीर व्हायचा आणि मी मनातल्या मनात साहेबांना शिव्या घालायचो. साहेबांना घाई नसायची. राग मात्र लवकर यायचा. कोणी पाया पडायला वाकलं की ते दोन पावलं मागं सरायचे आणि त्या माणसालाच झापायचे.

निवृत्तीनंतर त्यांनी पुण्याला लेकीकडं जायला नकार दिला आणि वस्तीतल्या बापाच्या घरात येऊन राहिले. घर साधंच, समोर पत्र्याची पडवी. तिथं सकाळी लोक कागद घेऊन यायचे. राशनकार्ड, सातबारा, बँकेची नोटीस, लेकीच्या सासरहून आलेलं पत्र. साहेब वाचायचे, समोरच्याकडून परत म्हणवून घ्यायचे, मग अर्ज. मी आल्यावर अर्ज लिहायचं काम माझ्याकडं आलं. बाजाराच्या दिवशी तर नेर-राळेगावपासूनचे ओळखीचे लोक एसटीनं यायचे. ती दोन वर्षं माझ्या आयुष्यातली फार बरी वर्षं होती, हे मला तेव्हा समजलं नाही. माझी बायको म्हणायची, तुमी नोकरीत असताना एवढं काम नाही केलं. वस्तीलाही साहेबांचा केवढा अभिमान. विहाराच्या भिंतीवर त्यांचं नाव, जयंतीला त्यांचं भाषण, कोणाकडं लग्न असलं की पहिली खुर्ची त्यांची.

मग ते जागेचं झालं.

विहाराच्या मागं नाल्याच्या अंगानं कोलाम आदिवासींची तीन घरं आहेत, आम्ही त्याला पोड म्हणतो. आमच्या वस्तीच्या आधीपासूनची. त्यातल्या जैतूबाई टेकामचं घर कोपऱ्यावर आणि पुढं मोठं आंगण. नवरा गेलेला, दोन लेकी दिल्या घरी, स्वतः वेचणीला, निंदणाला जाते, कोंबड्या पाळते. वस्तीला सभागृह हवं होतं. प्रकाशभाऊ तेव्हा नगरसेवक, त्यानं खटपट करून मंजुरी आणली आणि जागा दाखवली ती जैतूबाईचं आंगण. सरकारी जागा आहे, अतिक्रमण आहे, असं सगळे म्हणत होते. मीही म्हणत होतो. सभागृह व्हावं असं कोणाला वाटणार नाही? आमच्या पोरींची लग्नं आम्ही रस्त्यावर मांडव टाकून लावली होती.

जैतूबाई एक दिवस साहेबांच्या पडवीत आली आणि पत्र्याच्या डबीतून घडी घातलेला कागद काढला. घरजागेचा पट्टा होता. सासऱ्याच्या वेळचा. तो तिला कधी कोणी वाचून दाखवलाच नव्हता. साहेबांनी वाचला, तिच्याकडून म्हणवून घेतला. आंगण पट्ट्यात होतं. त्या दिवशी मी नेमका नव्हतो, तेव्हा अर्ज साहेबांनी स्वतःच्या हातानं लिहिला. तहसीलमधून माणसं आली, मोजणी झाली, आंगण तिचं निघालं आणि सभागृह दुसऱ्या वॉर्डात गेलं.

वस्ती पेटली म्हणजे काय, ते मी तेव्हा पाहिलं. आपलाच माणूस, आपल्याच लोकांच्या विरोधात! संध्याकाळी वीसेक जण साहेबांच्या पडवीत जमलो. प्रकाशभाऊ बोलला, बाकीचे बोलले आणि शेवटी मी, ज्याला त्यांनी भाकरी मोडून दिली तो मी, म्हणालो, "साहेब, तुमी कोनाच्या बाजूचे हा, थे एकदा सांगून टाका." साहेब माझ्याकडं वळून म्हणाले, "तू पट्टा वाचला का देविदास?" मी वाचला नव्हता. उठून निघून आलो.

त्या दिवसापासून बोलणं बंद. कोणी ठराव केला नाही, कोणी सांगितलं नाही, पण झालं. ग्रुपमधून काढलं, जयंतीचं भाषण दुसऱ्याला, लग्नाच्या पत्रिका बंद. पडवीतल्या खुर्च्या रिकाम्या. बाहेरगावचे येत राहिले, वस्तीतलं कोणी नाही. दोन वर्षांनी साहेबांच्या पत्नी, आमच्या वहिनी, गेल्या. साहेब स्वतः घरोघरी त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या वंदनेचं सांगायला आले होते. माझ्या दारात उभे राहिले, म्हणाले, रविवारी सकाळी आहे. मी हो म्हटलं आणि गेलो नाही. माझी बायको गेली होती. परत आल्यावर ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही, आणि मी त्याचं कारण विचारलं नाही. माझं घर ते त्यांचं घर, मध्ये आठ घरं.

अशी सहा वर्षं गेली. रोज सकाळी मी फिरायला त्यांच्या घरावरून, पोडाच्या बाजूनं जायचो. दुसरा रस्ता लांबून होता.

अंत्ययात्रेला सगळी वस्ती. माइक लावला होता. प्रकाशभाऊ बोलला की साहेबांनी गोरगरिबांना न्याय दिला, आपण त्यांचं ऋण विसरणार नाही. मी खाली पाहत उभा होतो, माझ्या चपलेचा अंगठा तुटला होता तो पाहत. पुण्यानुमोदनाच्या दिवशीच स्मारक समिती झाली. साहेबांचा अर्धपुतळा, चौथरा, वर छत्री, बाजूनं देणगीदारांच्या नावांचा संगमरवर. मला सचिव केलं, कारण मी साहेबांचा स्टेनो आणि मला टाइप येतं. मी नाही म्हणायला हवं होतं. नाही म्हटलं नाही... मला वाटलं, चला, एवढं तरी करू. एवढ्यानं काय भरून निघणार होतं, कोण जाणे, पण माणूस स्वतःची समजूत घालायला काहीही शोधतो.

जागेचा प्रश्न निघाला तर प्रकाशभाऊ म्हणाला, जागा पक्की, जैतूबाई देते म्हणते. माझा विश्वास बसला नाही. पण ते खरं होतं. प्रकाशभाऊ तिच्या दारी गेला, बाजेवर बसला, चहा घेतला आणि म्हणाला की साहेबांचा पुतळा तुझ्या आंगणात बसवू, तीन हात जागा दे. ती लगेच हो म्हणाली. साहेबासाठी देतो मी, म्हणाली. मला आधी भरून आलं आणि लगोलग चिडचिड झाली. ज्या आंगणासाठी साहेबांनी सहा वर्षं एकट्यानं काढली, ते ही बाई अशी चहाच्या कपावर देऊन बसली. पण तिचं आंगण, तिनं द्यावं नाहीतर न द्यावं, मी कोण बोलणारा. प्रकाशभाऊनं संमतीपत्राचा हातानं लिहिलेला मसुदा दिला. मी घरी बसून एका बैठकीत टाइप केला, छान समास सोडून, कुठं चूक नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाईचा पॅड घेऊन मी पोडात गेलो. जैतूबाई आंगण सारवत होती. हात धुऊन आली, बाजेवर मला बसवलं, स्वतः उंबऱ्यावर बसली. मी कागद काढला, पॅड उघडला. तिनं हात मागं घेतला.

"वाचून दाखवा," ती म्हणाली.

मी म्हटलं, बाई, तुमालेच तर माहीत हाय त्यात काय हाय. ती म्हणाली, साहेबानं सांगतलं हाय, वाचल्याबिगर अंगठा नाही. मी वाचायला लागलो. कोर्टात वाचायचो तसंच, भराभर. ती म्हणाली, हळू. हळू वाचायला लागलो आणि तिसऱ्या ओळीपाशी अडखळलो. कागदात तीन हात कुठंच नव्हते. 'सदर घराच्या पूर्वेकडील संपूर्ण मोकळी जागा चतुःसीमेसह स्मारक व सार्वजनिक उपयोगाकरिता कायमस्वरूपी' असं होतं. मी ते काल स्वतःच्या बोटांनी लिहिलं होतं. अक्षर न् अक्षर लिहिलं होतं, आणि वाचलं आत्ता, जैतूबाईच्या बाजेवर बसून. थांबता आलं असतं. पण ती समोर बसून ऐकत होती, मान हलवत होती, मी शेवटपर्यंत वाचलं. सगळ्यात खाली सवयीनं टाइप केलेलं होतं, 'वरील मजकूर मला वाचून दाखविला, तो मला समजला व मान्य आहे'.

मग ती साहेबांच्या समोर सांगावं तसं, एकेक करून म्हणाली, "म्हंजे आता हे आंगन मायं नाही. कोंबड्याची जागा मायी नाही. लेकी आल्या तं बाज टाकाले जागा नाही. घर तेवढं मायं." माझ्याकडं पाहून म्हणाली, "बरोबर?"

मी म्हटलं, बरोबर.

"हे कोनं लेहलं?"

प्रकाशभाऊचं नाव माझ्या ओठावर आलं होतं. मी म्हटलं, "म्या लेहलं, बाई."

ती चिडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती फक्त म्हणाली, साहेबाचं नाव सांगून मायं आंगन कायले घेता, घ्याचंच असन तं तसंच घ्या म्हना. मग म्हणाली, तीन हात म्हटलं होतं, तीन हात देतो मी, तेवढंच लेहा. मी तिथंच दुसऱ्या कोऱ्या कागदावर हातानं लिहिलं, वाचलं, तिच्याकडून म्हणवून घेतलं आणि अंगठा घेतला. तेवढ्या चार ओळींना मला अर्धा तास लागला.

संध्याकाळी विहारात समितीची बैठक होती. मी तो कागद पुढं ठेवला. प्रकाशभाऊनं वाचला आणि म्हणाला, तीन हातात चौथरा बसत नाही, छत्री बसत नाही, नावांचा दगड कुठं लावायचा? बाकीची जागा तशीही वस्तीच्या कामी यावी म्हणून तर हे सगळं. कोणीतरी मागून म्हणालं, पुतळा साहेबांचा असला तर मोजणीला कोण येणार हाय आता. दोघं-तिघं हसले. साहेबांसारखं एक वाक्य मला सुचायला हवं होतं. मी ओरडलो. काय काय बोललो ते आठवत नाही, पण शिव्या होत्या, विहारात बसून शिव्या दिल्या, माझ्या वयाच्या माणसानं. टाइप केलेला कागद फाडला. प्रकाशभाऊ शांतपणे म्हणाला, देविदासभाऊ, कोलामाच्या बाईपायी तुमी आपल्या लोकांत राह्याचं का नाही, थे ठरवा. मी उठलो. माझ्यामागं कोणी उठलं नाही.

आता तीन आठवडे झाले. स्मारक कुठंच उभं नाही. दुसरी जागा पाहून राह्यले म्हणतात. पाहोत. तीन हात जागा अजून तशीच आहे, तिथं काय करायचं ते कोणालाच सुचलेलं नाही, मलाही नाही. चक्कीवर माझं दळण शेवटी लागतं. सकाळी वंदनेला गेलो तर शेजारचे सरकून बसतात. कोणी वाईट बोलत नाही, कोणी काहीच बोलत नाही. मी फार कडक माणूस आहे असं मला वाटायचं, पण तीन आठवड्यांत माझी झोप गेली. साहेबांनी सहा वर्षं काढली, त्यातली चार तर वहिनींशिवाय. कशी काढली ते विचारायला माणूस राहिला नाही, आणि होता तेव्हा मी विचारलं नाही. याचा राग आता कोणावर काढू?

परवा जैतूबाई आली. माझ्या घरी ती पहिल्यांदाच आली, पायरीवरच बसली, आत या म्हटलं तरी आली नाही. लोक बोलत नाहीत काय तुमच्याशी, म्हणून विचारलं. मी म्हटलं, नाही बोलत. तेव्हा ती सांगायला लागली की साहेबांना लांबचं दिसेनासं झालं होतं, तरी ते रोज सकाळी काठी टेकत तिच्या आंगणापर्यंत यायचे, बाजेवर बसायचे आणि रोज एकच विचारायचे.

"म्हनत, देविदास गेला काय इकडून? मी सांगो, गेले, आत्ताच गेले, चांगले दिसत होते. मंग थे उठून घरी जात."

मी त्या आंगणावरून रोज जात होतो. बाजेवर साहेब बसलेले दिसायचे. मी मान खाली घालून भराभर चालायचो.